व्यक्तिमत्त्व विकार : पेन्सिलीने लिहिलेले निदान

दुपारची_ओपीडी
रविवार, रात्री १०.४०

मागच्या पंधरवड्यात सव्वीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार ठिकाणच्या फाइली होत्या. पहिलीवर नैराश्य, दुसरीवर आणि तिसरीवर बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांच्या पाळ्या येणारा आजार), चौथीवर पुन्हा बायपोलर, पण पुढे प्रश्नचिन्ह. त्याच कागदाच्या कोपऱ्यात, बाकी सगळे निळ्या शाईत असताना, पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘पी. डी.?’ असे लिहिलेले होते. (तपशील बदललेले आहेत. ही एक रुग्ण नसून तीन-चार जणींची मिळून तयार केलेली आहे.) पी. डी. म्हणजे पर्सनॅलिटी डिसॉर्डर, व्यक्तिमत्त्व विकार. हे निदान आम्ही मनोविकारतज्ज्ञ शाईने लिहायला का कचरतो, आणि ते लिहिण्याआधी काय तपासावे लागते, याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. उपचारांचा विषय मोठा आहे, म्हणून तो या धाग्यात मुद्दाम घेतलेला नाही.

आईचे पहिलेच वाक्य होते, “हिचं क्षणात तोळा, क्षणात मासा.” या वाक्प्रचारापाशीच निम्मे निदान अडलेले असते. मी विचारले, तोळा झाला की तो किती वेळ टिकतो? आईला प्रश्न चमत्कारिक वाटला, मुलीला मात्र तो लगेच समजला. सकाळी कामावर मैत्रिणीने हाक मारली नाही की दुपारपर्यंत जगणे नकोसे होते आणि संध्याकाळी तिचाच फोन आला की सगळे पूर्ववत होते, असे तिने सांगितले. बायपोलरच्या दुसऱ्या प्रकारात सौम्य उन्मादाचा काळ सलग चार दिवस तरी असावा लागतो, त्या काळात झोपेची गरज कमी होते, बोलण्याचा आणि बेत आखण्याचा वेग वाढतो, आणि तो काळ त्या माणसाच्या एरवीच्या वागण्यातून वेगळा उठून दिसतो. येथे चढउतार तासांचे होते, प्रत्येक उतारामागे कोणीतरी माणूस होते, आणि ‘एरवीपेक्षा वेगळे’ असे काही नव्हतेच, कारण नववीपासून हेच एरवीचे होते. आधीच्या फाइलींत ‘मूड स्विंग्ज’ एवढाच शब्द होता. तास की दिवस, हे कोणी विचारल्याची नोंद नव्हती.

तरीही त्या दिवशी मी शाईने काही लिहिले नाही. तिला तेव्हा नैराश्यही होते, आणि नैराश्याच्या भरात माणूस आपला सगळा भूतकाळ काळ्या काचेतून सांगतो. भिडस्त नसलेला माणूस त्या अवस्थेत भिडस्त दिसतो, आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी बाई दुसऱ्यावर विसंबून असल्यासारखी दिसते. सहा-आठ आठवड्यांनी नैराश्य उतरल्यावर जे शिल्लक राहते, त्याला स्वभाव म्हणता येईल की नाही, हा प्रश्न तेव्हाच विचारायचा असतो.

व्याख्येचा गाभा सोपा आहे. स्वतःकडे पाहण्याची आणि इतरांशी वागण्याची जी रीत पौगंडावस्थेच्या किंवा तारुण्याच्या सुमारास घडते, वर्षानुवर्षे टिकते, घर, काम, मैत्री अशा अनेक ठिकाणी सारखीच आड येते, आणि जिच्यामुळे त्या माणसाला किंवा भोवतालच्यांना खरोखर त्रास होतो, ती विकार ठरू शकते. एवढेच की ती दुसऱ्या आजाराने, व्यसनाने किंवा त्या समाजाच्या चालीरीतींनी समजावता येता कामा नये. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी १९२३ मध्ये अशा व्यक्तिमत्त्वांचे वर्णन केले, तेव्हाही कसोटी हीच होती : आपल्या वेगळेपणाने जे स्वतः सोसतात किंवा ज्यांच्यामुळे समाजाला सोसावे लागते ते. नुसते वेगळे असणे म्हणजे विकार नव्हे, हे शंभर वर्षांपूर्वीही स्पष्ट होते.

भानगड पुढे झाली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेने १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्व विकारांसाठी वेगळा दुसरा अक्ष, म्हणजे निदान नोंदवण्याचा स्वतंत्र रकाना, केला, आणि प्रत्येक विकाराला निकषांची यादी दिली. त्याचा फायदा असा झाला की डॉक्टर व्यक्तिमत्त्वाकडेही बघू लागले. तोटा असा की यादीवर खुणा करून बेरीज करण्याची सवय लागली. बॉर्डरलाइन या विकाराचे (ज्यात भावना, नाती आणि स्वतःविषयीची जाणीव सतत अस्थिर असतात) नऊ निकष आहेत आणि त्यांपैकी पाच पुरतात. गणित करून पाहा, हे निदान मिळण्याच्या २५६ वाटा निघतात आणि दोन रुग्णांत फक्त एकच निकष समान असू शकतो. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत अक्ष गेले, पण दहा विकारांची यादी तशीच राहिली. बदलाचा आराखडा तयार होता, तो मागच्या बाजूच्या एका विभागात पर्यायी म्हणून छापला गेला.

जागतिक आरोग्य संघटनेने मात्र धाडस केले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी या तिच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जुने प्रकार जवळजवळ सगळे काढून टाकले आहेत. तेथे पहिला प्रश्न ‘कोणता’ हा नसून ‘आहे का, आणि किती’ हा आहे. स्वतःविषयीची जाणीव, स्वतःची किंमत, आपण कसे आहोत याचा अचूक अंदाज आणि आयुष्याची दिशा ही एक बाजू. जवळची नाती जोडणे व टिकवणे, दुसऱ्याचे म्हणणे समजणे आणि भांडण निस्तरणे ही दुसरी. या दोन बाजूंत बिघाड किती, तो किती ठिकाणी पसरलेला आहे आणि त्यातून स्वतःला किंवा इतरांना इजा होते का, यावरून सौम्य, मध्यम किंवा तीव्र अशी पायरी ठरते. त्याखालीही ‘व्यक्तिमत्त्वाची अडचण’ अशी एक पायरी आहे, जी विकार मानली जात नाही. पायरी ठरल्यावर हवे तर स्वभावाचे पाच रंग नोंदवायचे : नकारात्मक भावनांकडे कल, अलिप्तता, इतरांची पर्वा नसणे, संयमाचा अभाव आणि अतिकाटेकोरपणा. बॉर्डरलाइन हे एकच जुने नाव, बऱ्याच वादानंतर, ‘आकृतिबंध’ म्हणून जोडता येते.

माझ्या मते हा बदल आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना सोयीचा आहे. ‘हा कोणत्या जातीचा’ यापेक्षा ‘याचे कुठे आणि किती अडते’ हे मला दोन-तीन भेटींत बऱ्यापैकी कळू शकते.


पहिल्या_वर्षाचा
सोमवार, सकाळी ७.१५

सर, मी मनोविकारशास्त्राचा निवासी डॉक्टर आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात एका पाळीत साठ-सत्तर केसपेपर असतात. एका रुग्णाला दहा मिनिटे मिळाली तरी चैन वाटते. अशा ठिकाणी हे मूल्यमापन सुरू तरी कोठून करावे? चाळणीसाठी सॅपास वापरावी असे आम्हाला शिकवले आहे, परंतु वरिष्ठांपैकी कोणी ती वापरताना मी पाहिलेले नाही.


दुपारची_ओपीडी
सोमवार, दुपारी ३.०५

सॅपास ही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली आठ प्रश्नांची चाळणी आहे. मैत्री टिकते का, एकटे राहायला आवडते का, लोकांवर विश्वास बसतो का, राग चटकन येतो का, अविचाराने वागता का, काळजी जास्त करता का, दुसऱ्यावर फार अवलंबून असता का आणि प्रत्येक गोष्ट बिनचूक लागते का, असे हो-नाही उत्तरांचे प्रश्न आहेत. तीन किंवा अधिक गुण आले तर पुढे तपासावे, एवढाच तिचा अर्थ. ती निदान करीत नाही. दोन मिनिटांत होते, जरूर वापरा. शेवटच्या प्रश्नाला मात्र आपल्याकडे बहुतेक सगळेच ‘हो’ म्हणतात, कारण बिनचूकपणा हा आपल्याला गुण वाटतो.

दहा मिनिटांच्या भेटी सहा झाल्या की एक तास होतो. प्रत्येक भेटीत एकच धागा धरा. एकदा फक्त शाळा, एकदा फक्त नोकऱ्या : किती केल्या, प्रत्येक सोडण्याआधीच्या आठवड्यात काय घडले. एकदा फक्त नाती. ‘तुमचा स्वभाव कसा आहे’ हा प्रश्न विचारू नका, त्याला माणूस स्वभाव सांगत नाही, बाजू मांडतो. ‘शेवटचे भांडण कोणाशी झाले, ते सुरुवातीपासून सांगा’ असे म्हणावे आणि सांगणारा समोरच्याच्या मनात काय चालले असेल याचा उल्लेख एकदा तरी करतो का, याकडे कान ठेवावा.

माझी एक खास सवय सांगतो. मी जुनी प्रगतिपुस्तके मागवतो. गुणांसाठी नव्हे, शेऱ्यासाठी. या मुलीच्या आठवीच्या प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षिकेने लिहिले होते, ‘हुशार आहे. मैत्रिणींवरून वारंवार रडते.’ रुग्णाची आठवण आणि आईची आठवण आजच्या भांडणाने रंगलेली असते. त्या बाईंनी मात्र बारा-तेरा वर्षांपूर्वी, कोणतेही निदान डोक्यात नसताना, ते वाक्य लिहिले होते.


अक्षरधूळ
सोमवार, रात्री ९.५०

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि अशा मूल्यमापनासाठी मनोविकारतज्ज्ञ माझ्याकडे रुग्ण पाठवतात. डॉक्टरांच्या लेखाशी बहुतांशी सहमत आहे, पण दोन ठिकाणी मतभेद आहे. त्याआधी साधनांविषयी.

‘एक टेस्ट करून घ्या’ अशी चिठ्ठी घेऊन रुग्ण येतात, जणू रक्तच तपासायचे आहे. लांबलचक प्रश्नावल्या रुग्ण स्वतः भरतो, त्यातून स्वभावाचा आलेख मिळतो, परंतु असा आलेख निदानाची जागा घेऊ शकत नाही. ज्याला स्वतःविषयीचा अंदाजच चुकीचा येतो, त्याने स्वतःविषयी भरलेल्या कागदावर किती विसंबावे? याउलट कमालीच्या अस्वस्थ अवस्थेत माणूस सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो. म्हणून रचनाबद्ध मुलाखत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेल्या आयपीडीई या मुलाखतीची चाचणी ११ देशांतल्या १४ केंद्रांवर ७१६ रुग्णांवर झाली आणि १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या केंद्रांत आपले बंगळूरही होते. या मुलाखतीचा एक नियम मला फार आवडतो : कोणतेही लक्षण किमान पाच वर्षे टिकलेले असल्याखेरीज धरायचे नाही, आणि निदान करायचे तर त्यातला किमान एक निकष पंचविशीच्या आत दिसलेला हवा. नुसते ‘हो’ चालत नाही, उदाहरण द्यावे लागते. नव्या आयसीडीने कालावधीची अट सुमारे दोन वर्षांवर आणली आहे आणि विकार उतारवयातही प्रथम ध्यानात येऊ शकतो हे मान्य केले आहे. ती सवलत मला थोडी सैल वाटते.

आता भाषेविषयी, कारण खरी गंमत तेथेच होते. बॉर्डरलाइनच्या निकषांत सततची आंतरिक पोकळी हा एक निकष आहे. सुरुवातीच्या काळात मी एका तरुणाला पुस्तकी भाषांतर करून विचारले, “तुम्हाला नेहमी रिकामं वाटतं का?” तो म्हणाला, “हो ना मॅडम, कंपनी बंद पडल्यापासून रिकामाच आहे.” मी खूण करणार होते! आपल्याकडे रिकामा म्हणजे बिनकामाचा. तेव्हापासून मी ‘घरात सगळे असताना, काही वाईट घडलेले नसतानाही, आत काहीच नाही असे वाटते का’ असे विचारते, आणि ज्याला ते वाटते तो थांबतो, वर पाहतो. ज्याला वाटत नाही त्याला प्रश्नच कळत नाही.

‘मैत्री टिकते का’ हा प्रश्नही तसाच. लग्न होऊन परगावी गेलेल्या, फोन सासूच्या समोर घ्यावा लागणाऱ्या बाईला मैत्रिणी नसतात, यात तिच्या व्यक्तिमत्त्वाचा काय दोष? तिला माहेरच्या चुलत बहिणींविषयी विचारावे, शेजारणीविषयी विचारावे. ‘साधी खरेदीही नवऱ्याला विचारल्याशिवाय करीत नाही’ हे वाक्य अवलंबी व्यक्तिमत्त्वाचे लक्षण असू शकते, किंवा तिच्या हातात पैसेच दिले जात नाहीत असाही त्याचा अर्थ असू शकतो. सोवळेओवळे कडक पाळणारे आजोबा अतिकाटेकोर ठरवण्याआधी त्यांच्या पिढीचे, त्यांच्या घरातले इतर लोक किती पाळत होते ते पाहायला हवे. आजोबांना स्वतःला त्या नियमांचा जाच होतो का, हाही प्रश्न आहे. मंत्रचळाच्या आजारात माणसाला आपले विचार परके आणि छळणारे वाटतात, अतिकाटेकोर व्यक्तिमत्त्वात मात्र नियम बरोबर असतात आणि बाकीचे जग गचाळ असते.

मतभेद असे. एक, ‘किती’ हा प्रश्न आधी विचारावा हे ठीक, परंतु केवळ ‘मध्यम व्यक्तिमत्त्व विकार’ एवढे लिहिलेला कागद माझ्याकडे आला तर मला उपचारांची दिशा मिळत नाही. बॉर्डरलाइन या शब्दामागे चार दशकांचे संशोधन आणि त्यासाठीच घडवलेल्या उपचारपद्धती उभ्या आहेत. तो शब्द टाकून दिला तर रुग्णाचे नुकसान होते. दोन, पेन्सिलीने लिहिणे हे आपण दयाळूपणा समजतो, तो दयाळूपणा नाही. १९८८ मध्ये ग्लिन ल्यूइस आणि लुई ॲपलबी यांनी ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची लेखी वर्णने वाचायला दिली होती. ज्या वर्णनात आधी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाल्याचा उल्लेख होता, तो रुग्ण डॉक्टरांना जास्त त्रासदायक आणि मदतीला कमी पात्र वाटला. पेन्सिलीने लिहिलेली दोन अक्षरे पुढच्या डॉक्टरला दिसतात, त्याचे मत कलुषित करतात, आणि रुग्णाला मात्र काहीच सांगितलेले नसते.


दुपारची_ओपीडी
मंगळवार, दुपारी २.३०

दुसरा मुद्दा निमूटपणे मान्य करतो. माझ्या जुन्या केसपेपरांतही अशी अक्षरे सापडतील. पहिल्याविषयी एवढेच म्हणतो की आकृतिबंधाची नोंद पायरीनंतर करावी, पायरीऐवजी नको.


साधा_वाचक
मंगळवार, सायंकाळी ६.२०

धागा चांगला आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा नार्सिसिस्ट आहे याविषयी आम्हा घरच्यांना शंका उरलेली नाही. मोबाइलवर एक तीस प्रश्नांची चाचणी मिळाली, ती आम्ही त्याच्या वतीने भरली, तर तीसपैकी सव्वीस गुण आले. स्वतःच्या चुका कधीच मान्य न करणे, चारचौघांत बायकोचा पाणउतारा करणे, सतत स्वतःचीच टिमकी वाजवणे, हे सगळे तंतोतंत जुळते. त्याला न नेता डॉक्टरांकडून तसे लेखी मिळू शकते का?


अक्षरधूळ
मंगळवार, रात्री ८.४५

दादा, तुमच्या बहिणीला होणारा त्रास खरा आहे आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. पण त्याच्या वतीने भरलेल्या चाचणीत तुमच्या रागाचे गुण आले, त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे नाही. तो कामावर कसा आहे, भावाशी कसा आहे, लग्नाआधी कसा होता, एकांतात स्वतःविषयी काय वाटते, यांतले तुम्हाला काय माहीत आहे? नार्सिसिस्टिक हा विकार डीएसएममध्ये आहे. आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत त्याला मुख्य यादीत स्वतंत्र स्थान नव्हते आणि अकराव्या आवृत्तीत ते नावच नाही. आणि त्रास देणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. काही माणसे वाईट वागतात, कारण तसे वागून चालते.

तपासल्याशिवाय मत देण्याविषयी एक जुना धडा आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर हे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. एका मासिकाने मनोविकारतज्ज्ञांकडे त्यांच्या मानसिक योग्यतेविषयी विचारणा केली आणि त्यांना कधीही न भेटलेल्या शेकडो डॉक्टरांनी बेधडक निदाने कळवली. गोल्डवॉटर यांनी मासिकावर बदनामीचा दावा केला आणि तो जिंकला. त्यानंतर १९७३ मध्ये अमेरिकन संघटनेने स्वतः तपासलेले नाही आणि परवानगी नाही, तर जाहीर मत देऊ नये असा नियम केला. बहिणीला मात्र तिच्या स्वतःच्या मदतीसाठी जरूर समुपदेशकाकडे न्या.


वकीलपत्र
बुधवार, सकाळी ११.१०

वरील प्रश्नाची कायदेशीर बाजू मांडतो, कारण कौटुंबिक न्यायालयात असे कागद वारंवार येतात.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्याला जे स्पष्टीकरण जोडले, त्यात ‘सायकोपॅथिक डिसॉर्डर’ हा शब्द आहे, आणि त्याची व्याख्या असाधारण आक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वर्तनास कारण होणारा दीर्घकाळ टिकणारा मनाचा विकार, मग त्यावर उपचार होवोत वा न होवोत, अशा अर्थाची आहे. डॉक्टर मंडळींनी हे लक्षात घ्यावे की ही कायद्याची भाषा आहे, आयसीडीची नव्हे. तरीही नुसते नाव पुरत नाही. स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले की आजाराचा शिक्का सिद्ध होणे पुरेसे नाही. विकार अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणात असावा लागतो की जोडीदाराने त्या व्यक्तीसोबत राहावे अशी रास्त अपेक्षा करता येऊ नये. म्हणजे न्यायालयही ‘किती’ हेच विचारते!

दुसरे, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम ३ वाचावे. मानसिक आजार आहे की नाही हे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसार ठरवायचे आहे आणि त्यात आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा नावाने उल्लेख आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखाद्याचे पटत नाही म्हणून त्याला आजारी ठरवता येत नाही, आणि पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजारी आहे असेही म्हणता येत नाही. न पाहिलेल्या जावयाविषयी डॉक्टरने लिहून दिलेला कागद उलटतपासणीत पाच मिनिटे टिकत नाही. पहिला प्रश्नच ‘आपण त्यांना किती वेळा तपासलेत’ हा असतो.


उंबरठ्यावर
बुधवार, रात्री १०.०५

एक अनुभव नोंदवतो. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत अत्यंत भिडस्त, मोजके बोलणारे कारकून होते. त्यानंतर दीडेक वर्षात ते लग्नकार्यात अनोळखी माणसांच्या ताटातले उचलून खाऊ लागले, आई तापाने फणफणली असताना शेजारी बसून मोठ्याने टीव्ही पाहू लागले. नातेवाईक म्हणाले, निवृत्ती जवळ आली, आता खरा स्वभाव बाहेर पडला. एका समुपदेशकाने ‘असामाजिक व्यक्तिमत्त्व’ असा शब्द वापरला. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय काढला आणि मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास होणारा स्मृतिभ्रंश निघाला. त्यांचे स्मरण तेव्हा ठणठणीत होते, म्हणून कोणाला शंका आली नव्हती.


दुपारची_ओपीडी
गुरुवार, दुपारी २.५०

हा प्रतिसाद निवासी डॉक्टरांनी दोनदा वाचावा. स्वभाव बदलला, हे वाक्य ऐकले की व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार मागे सारायचा आणि मेंदूचा, थायरॉइडचा, दारूचा, फिट्सचा विचार पुढे आणायचा. व्यक्तिमत्त्व विकाराच्या निदानाला ‘पहिल्यापासून’ हा शब्द लागतो. असामाजिक विकाराला तर डीएसएमची स्पष्ट अट आहे की वय अठरा पूर्ण हवे आणि पंधरा वर्षांच्या आत वर्तनविकाराचा पुरावा हवा. ज्या माणसाने छत्तीस वर्षे हिशेबाच्या वह्या चोख ठेवल्या, त्याला तो शब्द लावताच येत नाही.


कातरवेळ
गुरुवार, रात्री ११.३०

मला बॉर्डरलाइनचे निदान आहे. दोन दिवस लिहू की नको असे चालले होते.

माझे निदान मला डॉक्टरांनी सांगितले नाही, ते मी ऐकले. एका मोठ्या रुग्णालयात हाताला टाके घालून मी पडद्यामागे पडले होते आणि पडद्यापलीकडे कोणीतरी दुसऱ्याला म्हणाले, “टिपिकल बॉर्डरलाइन आहे, फार वेळ घालवू नकोस.” टाके घालताना भूल नीट चढली नव्हती हे मी सांगितले होते. तेही बहुधा टिपिकलमध्येच धरले गेले असावे. घरी येऊन तो शब्द शोधला आणि जे वाचायला मिळाले त्याने आठ दिवस जेवण गेले नाही.

पुढे दुसऱ्या गावी एक डॉक्टर भेटल्या. त्यांनी चौथ्या की पाचव्या भेटीत मला विचारले, “तुमच्या अडचणींना एक नाव आहे, ते आपण मिळून तपासून पाहू या का?” त्यांनी नऊ निकष साध्या मराठीत कागदावर लिहून आणले होते. एकेक वाचायच्या आणि विचारायच्या, हे तुम्हाला लागू आहे असे वाटते का, असेल तर एखादा प्रसंग सांगा. ‘सोडून जातील या भीतीने जिवाचा आटापिटा’ या ओळीवर मी स्वतः पेन घेऊन खूण केली. ‘ताणाखाली संशय येणे किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे’ यावर आमचे एकमत झाले नाही, तर त्यांनी तिथे रेघ मारून मोकळी जागा ठेवली. लहानपणी माझ्यावर जे गुदरले होते तेही त्यांनी त्याच कागदाच्या मागे वेगळे लिहिले आणि आघातानंतरच्या गुंतागुंतीच्या ताणविकाराचीही शक्यता आहे, दोन्हींचे बरेच काही सारखे दिसते, असे सांगितले. शेवटी सात खुणा झाल्या. त्याच शब्दाने मला पहिल्यांदा रडवले होते, या वेळी हलके वाटले. माझ्यावर नुसताच ‘नाटकी’ हा शेरा होता, तो जाऊन त्या जागी तपासता येण्यासारखे काहीतरी आले.

डॉक्टरांना एक विचारायचे आहे. हे निदान एकदा लागले की कायमचे का? आमच्याकडे सगळे ‘जित्याची खोड’ म्हणतात.


दुपारची_ओपीडी
शुक्रवार, दुपारी ४.१५

पडद्यापलीकडच्या त्या वाक्याबद्दल आमच्या व्यवसायातला एक म्हणून मला शरम वाटते. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी जे केले, ते मी माझ्या निवासी डॉक्टरांना यापुढे जसेच्या तसे शिकवणार आहे.

कायमचे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉर्डरलाइनचे २९० रुग्ण वर्षानुवर्षे दर दोन वर्षांनी पुन्हा तपासले. दहा वर्षांत त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांना किमान दोन वर्षे टिकणारा उतार पडला, म्हणजे निकष पूर्ण होत नव्हते. नोकरी-शिक्षण आणि निदान एक जवळचे नाते असे दोन्ही सावरलेले सुमारे निम्मेच होते, हेही सांगायला हवे. स्वतःला इजा करण्यासारखी लक्षणे लवकर ओसरतात, पोकळी आणि एकटेपणाची भीती रेंगाळते. ‘टिकाऊ आणि न बदलणारी’ हे शब्द आम्ही व्याख्येत घातले खरे, पण रुग्णांनी ते फारसे मनावर घेतलेले नाहीत.

त्यामुळे मी आता निदानाला तारीख घालतो आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा तपासतो. नऊ वर्षांपूर्वी आलेली एक बाई (तपशील बदलून लिहीत आहे) या जूनमध्ये मुलाच्या शाळाप्रवेशाच्या धावपळीतून वेळ काढून आली. आम्ही जुना कागद समोर ठेवून निकष पुन्हा वाचले. नऊपैकी दोन उरले होते, आणि त्यांतल्या एकाविषयी तीच म्हणाली की एवढे तर माझ्या जावेचेही होते. मी केसपेपरावर निळ्या शाईने लिहिले : ‘बॉर्डरलाइन आकृतिबंधाचे निकष आता पूर्ण होत नाहीत. व्यक्तिमत्त्वाची अडचण. विकार नाही.’ खाली सही आणि तारीख. तिने त्या पानाची झेरॉक्स मागितली. कोपऱ्यावरचे दुकान दुपारी बंद असते, म्हणून तिने ते टेबलावरच सरळ करून मोबाइलमध्ये फोटो काढला, नीट आला आहे का ते पाहिले, आणि सहीवर बोटाची सावली पडली होती म्हणून पुन्हा एकदा काढला.